अहवालापूर्वीचा ताळा : डेटाबेसच्या पृच्छेतील चूक वेळीच कशी ओळखावी?

बँकेच्या कामकाजाचा ग्राहकाला दिसणारा भाग तसा मर्यादितच असतो. पासबुकावर उमटलेली नोंद, भ्रमणध्वनीवर आलेला संदेश, वर्षअखेरीस मिळणारे व्याजाचे प्रमाणपत्र एवढ्याशीच त्याचा संबंध येतो. परंतु काउंटरवर झालेला प्रत्येक व्यवहार पुढे कितीतरी अहवालांत जाऊन पोहोचतो. शाखेचा दैनिक गोषवारा, आंचलिक कार्यालयाचे मासिक विवरणपत्र, भारतीय रिझर्व्ह बँकेकडे जाणारी वैधानिक विवरणपत्रे, पतमाहिती कंपन्यांना पुरविली जाणारी कर्जदारांची माहिती या सर्वांचा उगम एकच असतो आणि तो म्हणजे बँकेचा मध्यवर्ती डेटाबेस.

येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. डेटाबेसमधील प्रत्येक नोंद अचूक असूनही तिच्या आधारे तयार झालेला अहवाल चुकीचा असू शकतो. अहवालात जे उमटते ते डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्नच सदोष असेल तर उत्तर निर्दोष कसे असणार?

या चुकीची किंमत केवळ कागदोपत्री नसते. नियमित हप्ते भरणाऱ्या कर्जदाराचे खाते चुकीच्या पृच्छेमुळे थकीत यादीत गेले, तर पुढे घरासाठी कर्ज मागताना त्याला नकार ऐकावा लागतो. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवी २०१४ च्या योजनेनुसार ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग कराव्या लागतात. ती यादी काढताना तारखेची अट चुकली, तर चालू असलेल्या खात्यावरही गदा येऊ शकते. म्हणूनच अहवाल तयार करणाऱ्याने चूक कोठे दडते हे जाणणे, आणि ती अहवाल बाहेर पडण्यापूर्वी पकडणे, हे ग्राहकसेवेचेच एक अंग मानले पाहिजे.

पृच्छा म्हणजे काय?

पूर्वी व्यवस्थापकांना एखादी माहिती हवी असली, की ते खातेवही सांभाळणाऱ्या लिपिकाला सांगत, ‘पन्नास हजारांवरील ठेवींची यादी काढा.’ लिपिक पाने उलटून यादी तयार करी. आज तीच आज्ञा संगणकाला विशिष्ट भाषेत दिली जाते. या आज्ञेला ‘क्वेरी’ म्हणतात. मराठीत तिला ‘पृच्छा’ असा नेमका शब्द आहे.

माहिती रकाने व ओळी असलेल्या कोष्टकांत साठवावी आणि कोष्टकांचा परस्परसंबंध जोडून हवे ते उत्तर मिळवावे, ही कल्पना आय.बी.एम. कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये तीवर आधारित प्रश्नभाषा प्रसिद्ध केली. आज ‘एस.क्यू.एल.’ या नावाने परिचित असलेली भाषा हीच.

जुना लिपिक आणि संगणक यांच्यात मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. लिपिकाला विचित्र आज्ञा दिली, तर तो चष्म्यावरून पाहत विचारी, ‘साहेब, आपल्याला संयुक्त खाती एकदाच मोजायची आहेत ना?’ संगणक असा प्रतिप्रश्न करीत नाही. जे विचारले त्याचे उत्तर तो तत्परतेने देतो. जे विचारायचे होते त्याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

बोलकी चूक आणि मुकी चूक

पृच्छेतील चुकांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग बोलक्या चुकांचा. कोष्टकाचे नाव चुकले, स्वल्पविराम राहिला, अक्षरांच्या रकान्यातील मजकूर संख्या म्हणून वाचण्याचा प्रयत्न झाला किंवा शून्याने भागाकार करण्याची वेळ आली, तर डेटाबेस काम थांबवून चुकीचा संदेश देतो. असा संदेश दिसला की काम करणारा त्रासतो. परंतु वस्तुतः तो संदेश उपकारकच असतो. चूक कोठे आहे हे तो सांगतो आणि चुकीचा आकडा बाहेर जाऊ देत नाही.

दुसरा वर्ग मुक्या चुकांचा. येथे पृच्छा सुरळीत चालते, आकडे येतात, अहवाल छापला जातो आणि कोणाला शंकाही येत नाही. खरा धोका येथे आहे.

बोलकी चूक मुकी करण्याचे कामही कधी कधी माणूसच करतो. रात्री आपोआप चालणाऱ्या अहवालाच्या कार्यक्रमात ‘चूक आली तर दुर्लक्ष करून पुढे जा’ अशी सूचना लिहिलेली आढळते. ओरॅकल डेटाबेसवर काम करणाऱ्यांना ‘व्हेन अदर्स देन नल’ ही ओळ परिचित असेल. अहवाल मध्येच थांबू नये, हा तिच्यामागील हेतू. परिणाम मात्र असा होतो, की साठ शाखांपैकी एका शाखेची पृच्छा अयशस्वी झाली तरी अहवाल पूर्ण होतो आणि त्या शाखेसमोर शून्य छापले जाते. वाचणाऱ्याला त्या शून्याचा अर्थ ‘येथे थकबाकी नाही’ असा वाटतो. वास्तविक अर्थ असतो ‘येथील माहिती मिळालीच नाही’. शून्य आणि अनुपलब्ध यांतील भेद अहवालात स्पष्ट राखणे, हा चूक पकडण्याचा पहिला नियम होय. प्रत्येक पृच्छा यशस्वी झाली का, तिने किती ओळी दिल्या, याची नोंद ठेवावी. एकही पृच्छा फसली असेल, तर अपूर्ण अहवाल देण्यापेक्षा तो तेथेच थांबवावा.

बंगळुरूतील बँका आणि बदललेले संकेतांक

मुकी चूक कशी उद्भवते हे समजून घेण्यास बंगळुरू शहराइतके समर्पक उदाहरण क्वचितच सापडेल. १९०६ साली मंगळुरूत स्थापन झालेल्या कॅनरा बँकेचे मुख्य कार्यालय या शहरात आहे. विजया बँकेचे मुख्य कार्यालय येथेच होते आणि १९१३ साली स्थापन झालेल्या म्हैसूरच्या बँकेची परंपरा सांगणारी स्टेट बँक ऑफ म्हैसूरही येथलीच. देशविदेशांतील अनेक बँका वापरीत असलेली ‘फिनॅकल’ ही कोअर बँकिंग प्रणाली ज्या इन्फोसिस कंपनीने विकसित केली, तिचे मुख्यालयही याच शहरात आहे.

अवघ्या तीन वर्षांत या शहराने तीन मोठी एकत्रीकरणे पाहिली. १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ म्हैसूर भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक व देना बँक या बँक ऑफ बडोदामध्ये समाविष्ट झाल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँकेचे कॅनरा बँकेत विलीनीकरण झाले. विलीनीकरण म्हणजे केवळ पाटी बदलणे नव्हे. लक्षावधी खाती, शाखांचे क्रमांक व ग्राहक क्रमांक एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत बसवावे लागतात.

सिंडिकेट बँकेच्या शाखांचे आय.एफ.एस. संकेतांक १ जुलै २०२१ पासून बदलले. या संकेतांकात अकरा स्थाने असतात : पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान शून्याचे आणि शेवटची सहा स्थाने शाखेची. नव्या रचनेत आरंभीची अक्षरे कॅनरा बँकेची झाली आणि शाखेच्या क्रमांकात १०,००० मिळविले गेले. समजा, एखाद्या शाखेचा जुना क्रमांक ००१२३४ असेल, तर नवा ०११२३४ झाला. ग्राहकांना हा बदल रीतसर कळविण्यात आला होता.

अशा कोणत्याही बदलानंतर अहवाल काढणाऱ्यासमोर काय उभे राहते, ते पाहू. समजा, एखाद्या बँकेच्या कर्मचाऱ्याला अशा बदलाच्या वर्षातील शाखानिहाय निधी हस्तांतरणाचा अहवाल हवा आहे. व्यवहारांच्या कोष्टकात आरंभीच्या महिन्यांतील नोंदी जुन्या संकेतांकासह, तर नंतरच्या नव्या संकेतांकासह आहेत. शाखांच्या कोष्टकात केवळ नवे संकेतांक आहेत. दोन्ही कोष्टके संकेतांकावरून जोडली, की ज्या ओळींना जोडीदार मिळत नाही त्या ओळी सामान्य जोडणीत गळून पडतात. डेटाबेस तक्रार करीत नाही, कारण त्याला जुळणाऱ्या ओळीच मागितल्या होत्या. अहवालात प्रत्येक शाखा दिसते, प्रत्येकीसमोर आकडा असतो. फक्त वर्षातील काही महिने नाहीसे झालेले असतात.

संकेतांकाकडे संख्या म्हणून पाहिले, तर आणखी एक घोळ होतो. ०११२३४ ही संख्या मानली की आरंभीचे शून्य उडते व ११२३४ उरते. मग अक्षरांच्या रूपातील ०११२३४ शी तिची जुळणी होत नाही. म्हणून शाखा क्रमांक, खाते क्रमांक, पिन कोड यांवर बेरीज-वजाबाकी करायची नसते, हे लक्षात ठेवून ते नेहमी अक्षरांच्या स्वरूपातच साठवावेत.

यावर उपाय सोपा आहे. जुन्या-नव्या संकेतांकांचे जोडकोष्टक करावे आणि अहवालाबरोबर ‘न जुळलेल्या नोंदी’ अशी स्वतंत्र यादी काढावी. ही यादी रिकामी असली पाहिजे. नसेल, तर तीतील प्रत्येक ओळीचे कारण सांगता आले पाहिजे.

नावावरून जुळणी करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. कर्नाटकात आद्याक्षरे आधी व नाव नंतर लिहिण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे, तर महाराष्ट्रात नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. बेळगावातून बंगळुरूत आलेल्या एकाच ग्राहकाचे नाव दोन शाखांत दोन प्रकारे नोंदलेले असू शकते. ग्राहक क्रमांक हाच विश्वासार्ह दुवा होय.

फुगलेली बेरीज

नोंदी गळण्याच्या उलट दोष म्हणजे नोंदी वाढणे. समजा, तीन खाती आहेत. पहिल्यात ५०,००० रुपये असून खातेदार एक आहे. दुसऱ्यात १,२०,००० रुपये असून खातेदार दोन आहेत. तिसऱ्यात ३०,००० रुपये असून खातेदार तीन आहेत. एकूण ठेव २,००,००० रुपये. आता खात्यांचे कोष्टक खातेदारांच्या कोष्टकाशी जोडले, तर प्रत्येक खातेदारागणिक एक ओळ तयार होते. तीन खात्यांच्या सहा ओळी होतात आणि बेरीज येते ५०,००० अधिक २,४०,००० अधिक ९०,०००, म्हणजे ३,८०,००० रुपये. तीन खात्यांत ही विसंगती डोळ्यांना दिसते. तीन लाख खात्यांत ती दिसत नाही.

घाईत अनेकजण ‘समान रकमा एकदाच घ्या’ अशी सूचना जोडून वेळ मारून नेतात. हा उपाय मूळ रोगाहून वाईट ठरतो. दोन वेगळ्या ग्राहकांच्या प्रत्येकी ५०,००० रुपयांच्या ठेवी असतील, तर त्यांपैकी एक त्यामुळे वगळली जाते. योग्य रीत अशी, की आधी खात्यांची बेरीज करावी आणि खातेदारांचा तपशील नंतर जोडावा. तसेच प्रत्येक जोडणीपूर्वी व जोडणीनंतर ओळींची संख्या मोजावी. तीनच्या सहा झाल्या की कारण शोधावे.

रिकाम्या रकान्याचा चकवा

कर्जाच्या कोष्टकात क्षेत्राचा रकाना आहे आणि काही खात्यांत तो भरलेलाच नाही, असे समजा. एका पृच्छेने ‘क्षेत्र कृषी आहे’ अशी कर्जे काढली, दुसरीने ‘क्षेत्र कृषी नाही’ अशी काढली. दोन्हींची बेरीज एकूण कर्जाइतकी यावी, ही स्वाभाविक अपेक्षा. ती येत नाही. रिकाम्या रकान्याबाबत डेटाबेसचे उत्तर ‘होय’ही नसते आणि ‘नाही’ही नसते, ते ‘अज्ञात’ असते. अज्ञात नोंदी दोन्ही याद्यांतून बाहेर राहतात.

देशी वाणिज्य बँकांना समायोजित निव्वळ बँक कर्जाच्या ४० टक्के कर्जपुरवठा अग्रक्रम क्षेत्राला करावयाचा असतो. अशा उद्दिष्टांचे अहवाल काढताना रिकामा रकाना किती महाग पडू शकतो, हे सांगणे नलगे. त्यामुळे वर्गवारीच्या प्रत्येक अहवालात ‘वर्गीकरण न झालेले’ असा एक रकाना ठेवावा आणि सर्व भागांची बेरीज पूर्णाशी जुळते का ते पाहावे.

तारखांचे सापळे

तारखेइतके फसवे दुसरे काही नाही. ‘१ मार्च ते ३१ मार्च’ अशी अट घातली की संपूर्ण महिना आला असे वाटते. परंतु ओरॅकलसारख्या डेटाबेसमधील तारखेच्या रकान्यात वेळही साठविली जाते. नुसते ‘३१ मार्च’ लिहिले, तर त्याचा अर्थ ३१ मार्चची मध्यरात्र, म्हणजे त्या दिवसाचा आरंभक्षण, असा होतो. त्यानंतर दिवसभर झालेले व्यवहार अटीबाहेर राहतात. आणि आर्थिक वर्षातील सर्वाधिक गर्दीचा दिवस तोच असतो! ‘१ मार्चपासून १ एप्रिलच्या आधीपर्यंत’ अशी अट लिहिली, की हा सापळा टळतो.

दिवस-महिन्यांची अदलाबदल हा दुसरा प्रकार. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? एका संगणकाची मांडणी भारतीय आणि दुसऱ्याची अमेरिकी असेल, तर महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत ही चूक मुकी राहते. तेरा तारखेला तेरावा महिना सापडत नाही आणि पृच्छा अडते. कर्मचारी त्या दिवशी वैतागतो. खरे तर चूक आधीचे बारा दिवसही होत होती, ती बोलली मात्र तेराव्या दिवशी. चाचणी घेताना तेराच्या पुढील तारीख मुद्दाम वापरावी, ती याचसाठी.

तिसरा प्रकार एका दिवसाच्या फरकाचा. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात हे उदाहरणानेच स्पष्ट केले. देय तारीख ३१ मार्च २०२१ असून त्या दिवसाच्या दिवसअखेर प्रक्रियेपूर्वी पूर्ण रक्कम आली नाही, तर थकबाकी त्याच तारखेपासून मोजायची. खाते तसेच थकीत राहिले, तर ते ३० एप्रिलला विशेष उल्लेखित खात्याच्या पहिल्या पायरीवर, ३० मे रोजी दुसऱ्या पायरीवर आणि २९ जून २०२१ रोजी अनुत्पादक वर्गात जाते. येथे तारखांची वजाबाकी नेमकी ९० येते. देय दिवसही मोजायचा असल्याने पृच्छेत ‘फरक ९० पेक्षा अधिक’ असे लिहिले, तर खाते एक दिवस उशिरा पकडले जाते. परिपत्रकातील हे उदाहरणच चाचणीची नोंद म्हणून वापरावे. उत्तर २९ जून आले पाहिजे.

स्प्रेडशीटमध्ये उतरवताना

पृच्छा बिनचूक असली तरी तिचे उत्तर स्प्रेडशीटमध्ये घेताना दगाफटका होऊ शकतो. एक्सेल संख्येचे पंधराच अंक अचूक राखते. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून उतरविला, तर शेवटचा अंक शून्य होतो. ओळींनाही मर्यादा आहे. जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये ६५,५३६, तर नव्या पद्धतीच्या फाइलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात.

इंग्लंडने ही मर्यादा २०२० मध्ये अनुभवली. कोविडबाधितांची माहिती जुन्या स्वरूपाच्या फाइलमधून पुढे पाठविली जात असल्याने २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्णांची नोंद दैनंदिन आकडेवारीतून सुटली. त्यामुळे त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोधही वेळेवर घेता आला नाही.

आकडा पाहून थबकण्याची सवय

मोठमोठ्या संस्थांचे आकडेही कसे चुकतात आणि ते पकडता कसे येतात, याची दोन उदाहरणे आपल्या देशातीलच आहेत.

जानेवारी २०१२ ची औद्योगिक उत्पादनवाढ आधी ६.८ टक्के जाहीर झाली होती. एप्रिल २०१२ मध्ये ती सुधारून १.१ टक्के करण्यात आली. कारण होते साखरेच्या उत्पादनाचा आकडा. सुमारे ५८ लाख टनांऐवजी तो सुमारे १३४ लाख टन असा धरला गेला होता. १३४ लाख टन म्हणजे देशाच्या त्या काळच्या संपूर्ण वर्षाच्या उत्पादनाच्या जवळपास निम्मा भाग. एका महिन्यात एवढी साखर निघाली, असे कोल्हापूर-सांगलीकडील साखरपट्ट्यातील कोणाही कर्मचाऱ्यास सांगितले असते, तर त्याने क्षणात मान हलविली असती. विषयाची जाण हीच आकड्याची पहिली चाचणी होय.

दुसरे उदाहरण सोन्याचे. नोव्हेंबर २०२४ मधील सोन्याची आयात आधी सुमारे १४.८ अब्ज डॉलर अशी जाहीर झाली. हा उच्चांक होता. जानेवारी २०२५ मध्ये तो आकडा सुमारे ९.८ अब्ज डॉलर असा सुधारण्यात आला. विशेष आर्थिक क्षेत्रांची माहिती सीमाशुल्क विभागाच्या ‘आइसगेट’ प्रणालीकडे स्थलांतरित होताना काही आयात दोनदा मोजली गेली होती. संयुक्त खात्यांची फुगलेली बेरीज आणि ही दुहेरी मोजणी यांची जात एकच. जेथे एका व्यवस्थेतून दुसरीकडे स्थलांतर होते, तेथे एकतर नोंदी गळतात किंवा दुणावतात. म्हणून स्थलांतरानंतरचे पहिले काही अहवाल दुप्पट काळजीने तपासावेत.

जुना ताळा, नवे यंत्र

मराठीत ‘ताळेबंद’ हा शब्द उगाच रूढ झालेला नाही. गणित सोडविल्यावर ताळा करून पाहावा, हे शाळेतच शिकविले जाते. रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज या क्रमाने हिशेब लिहिणाऱ्या पिढीला तेरीज जुळल्याखेरीज घरी जाता येत नसे. जमा आणि नावे यांत फरक आला, तर जुने लिपिक आधी तो फरक नऊने भागून पाहत. भाग पूर्ण गेला, तर अंकांची उलटापालट झाल्याचा संशय घेत. जसे ५,४३० ऐवजी ५,३४० लिहिले, तर फरक ९० येतो. फरकाच्या निम्मी रक्कम शोधत, कारण ती चुकीच्या बाजूला लिहिली गेली असण्याची शक्यता असे. म्हणजे फरकाचा आकडाच चुकीचा पत्ता सांगत असे.

पृच्छेच्या बाबतीतही फरक असाच बोलका असतो. अहवालाची बेरीज जनरल लेजरमधील शिलकेशी ताडून पाहावी आणि फरक वाचावा. फरक एका दिवसाच्या उलाढालीइतका असेल, तर तारखेची अट पाहावी. तो एका शाखेच्या एकूण रकमेइतका असेल, तर संकेतांकाची जोडणी किंवा फसलेली पृच्छा शोधावी. अहवाल लेजरहून मोठा असेल, तर दुणावलेल्या ओळींचा संशय घ्यावा. लहान असेल, तर रिकामे रकाने व न जुळलेल्या नोंदी पाहाव्यात. आकडा शंभरपटीने किंवा लाखपटीने चुकला असेल, तर रुपये, लाख आणि कोटी या एककांची गल्लत झालेली असते.

अहवाल तयार करणाऱ्याने पुढील क्रम पाळल्यास बहुतेक चुका वेळीच सापडतात :

१. आरंभीच सर्व शाखांची दिवसअखेर प्रक्रिया पूर्ण झाली आहे का आणि आवश्यक कोष्टके उपलब्ध आहेत का, ते तपासावे. नसल्यास अहवाल सुरूच करू नये.

२. पृच्छा प्रथम एका लहान शाखेवर चालवावी आणि तिचे उत्तर हाताने मोजून ताडावे.

३. प्रत्येक टप्प्यावरील ओळींची संख्या नोंदवावी.

४. भागांची बेरीज पूर्णाशी आणि एकूण रक्कम जनरल लेजरशी जुळवावी.

५. मागील महिन्याच्या आकड्यांशी तुलना करावी. फार मोठा बदल आणि मुळीच न झालेला बदल, दोन्ही संशयास्पद मानावेत.

६. कोणतीही चाचणी फसली, तर अहवालावर तसे ठळकपणे लिहावे किंवा तो थांबवावा.

७. पृच्छा लिहिणारा आणि तपासणारा या दोन भिन्न व्यक्ती असाव्यात.

शेवटचा मुद्दा बँकेला नवा नाही. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती पडताळून मंजूर करायची, ही मेकर-चेकर पद्धत काउंटरवर नित्याची आहे. जे दक्षतेचे धोरण एका धनादेशासाठी पाळले जाते, ते हजारो कोटींचा गोषवारा देणाऱ्या पृच्छेसाठी शिथिल का असावे?

रिझर्व्ह बँकेनेही याच दिशेने पावले टाकली आहेत. बँकांच्या मूळ प्रणालींतून मानवी हस्तक्षेपाशिवाय माहिती थेट पोहोचावी, यासाठी तिने नोव्हेंबर २०१० मध्ये दृष्टिपत्र प्रसिद्ध केले. सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकाने कर्जखात्यांचे वर्गीकरण प्रणालीद्वारेच व्हावे, यासाठी ३० जून २०२१ ही मुदत दिली. हाताने आकडे भरण्यातील चुका यामुळे कमी झाल्या. परंतु स्वयंचलित व्यवस्थेतील पृच्छा एकदा चुकली, तर ती रोज त्याच शिस्तीने चुकत राहते. म्हणून स्वयंचलनाबरोबर ताळ्याची गरज वाढते.

ग्राहकाचाही वाटा

चूक लवकर पकडण्याच्या या साखळीत ग्राहक हाही एक महत्त्वाचा दुवा आहे. स्वतःच्या खात्याविषयी त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्याने पॅन, पत्ता, नामनिर्देशन व भ्रमणध्वनी क्रमांक अद्ययावत ठेवल्यास रिकाम्या रकान्यांची संख्या आपोआप घटते. वर्षातून एकदा पतमाहिती अहवाल पाहावा. त्यातील चुकीबद्दल तक्रार केल्यास ती ३० दिवसांत सोडविणे आवश्यक असून, विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाईची तरतूद २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे. जुन्या, विसरलेल्या ठेवींचा शोध रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर ऑगस्ट २०२३ पासून घेता येतो. ग्राहकाने केलेली अशी तक्रार कर्मचाऱ्याने केवळ एका खात्याची दुरुस्ती करून निकालात काढू नये. ज्या पृच्छेने हे एक खाते चुकविले, तिने आणखी किती खाती चुकविली असतील, हा प्रश्न त्याच वेळी विचारला गेला पाहिजे.

अहवाल एक दिवस उशिरा गेला, तर खुलासा द्यावा लागतो. चुकीचा गेला, तर त्यावर बेतलेला प्रत्येक निर्णय पुन्हा तपासावा लागतो आणि मध्यंतरी एखाद्या निर्दोष ग्राहकाला त्याचा भुर्दंड पडलेला असतो. पूर्वीचा लिपिक तेरीज जुळल्याशिवाय दिवा मालवीत नसे. आजचा अहवालही ताळा जुळल्याशिवाय पुढे पाठवू नये, एवढी शिस्त प्रत्येक कार्यालयाने पाळली, तर खातेदाराचा विश्वास अधिक दृढ होईल यात शंका नाही.